‘सार्जंट पेपर’ : ध्वनींची जुळवणी आणि समीक्षेची घाई

गाण्याची ध्वनिमुद्रिका हाती आली की गीत कोणाचे, चाल कोणाची आणि गायक कोण, एवढे आपण विचारतो. हे सगळे आवाज एकमेकांशी कोणत्या प्रमाणात बसवले आणि ते कोणी ठरवले, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. रविवारच्या मिस्सेला ऑर्गन चढा लागून गायनवृंदाचे शब्द बुडाले, तर मात्र तो दोष आपल्याला तत्काळ जाणवतो. गीत तेच, गाणारेही तेच. पण प्रमाण चुकले की अर्थ हरवतो. स्टुडिओत या प्रमाणाची जी जुळवणी होते तिला ध्वनिमिश्रण म्हणतात. ते यंत्रावर होत असले तरी अर्थाविषयीचाच निर्णय असतो, असे आमचे मत आहे. बीटल्स या इंग्लिश रॉक संगीतकारांची १९६७ सालची ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ ही तबकडी या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

ऑगस्ट १९६६ मध्ये बीटल्सनी रंगमंचावरचे दौरे थांबवले. त्यानंतर लंडनच्या ॲबी रोडवरील ई. एम. आय. स्टुडिओ हेच त्यांचे रंगपीठ झाले. तेथे त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरीपासून एप्रिल १९६७ पर्यंत काम चालले. निर्माते होते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक, जे तेव्हा जेमतेम एकविशीत होते. त्यांच्या हाती जी ध्वनिफीत होती तिच्यावर केवळ चार पट्ट्या होत्या. चारही भरल्या की त्यांतील आवाज एकत्र करून दुसऱ्या फितीवरील एक-दोन पट्ट्यांत उतरवायचे आणि मोकळ्या राहिलेल्या पट्ट्यांवर नवे आवाज घ्यायचे, अशी रीत होती. एकदा एकत्र झालेले आवाज पुढच्या कामात सुटे करता येत नसत. त्यामुळे काय पुढे आणायचे आणि काय मागे ठेवायचे, हे गाणे अर्धवट असतानाच ठरवावे लागे. आमच्या मते या सक्तीनेच त्या तबकडीला शिस्त लावली.

‘अ डे इन द लाइफ’ हे अखेरचे गीत पाहा. १० फेब्रुवारी १९६७ रोजी ४० वादकांना स्टुडिओत बोलावण्यात आले. प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत आपल्याच गतीने चढत जायचे, अशी सूचना होती. चार पट्ट्या अपुऱ्या पडल्या म्हणून दोन यंत्रे एकत्र चालवण्यात आली. शेवटी अनेक पियानोंवर एकाच वेळी वाजवलेला स्वरमेळ चाळीसहून अधिक सेकंद विरत जातो. तो विरत असताना ध्वनिमुद्रकाने आवाजाची पातळी वर चढवत नेली. इतकी, की खोलीतील बारीक कुरकुरही फितीवर उतरली. येथे वादकाइतकेच ध्वनिमुद्रकानेही गाणे वाजवले आहे.

त्या काळी प्रत्येक तबकडीची दोन रूपे निघत : एकाच कर्ण्यासाठी ‘मोनो’ आणि दोन कर्ण्यांसाठी ‘स्टिरिओ’. इंग्लंडमधील बहुतेक घरांत मोनोच होते. म्हणून बीटल्सनी आपला वेळ व लक्ष मोनो मिश्रणाला दिले. स्टिरिओचे काम निर्माता व ध्वनिमुद्रक यांनी पुढे थोड्या दिवसांत, बहुतांशी त्यांच्यावाचूनच उरकले. काळाचा खेळ असा, की पुढे मोनो तबकड्या बाजारातून गेल्या. १९८७ साली ही तबकडी सीडीवर आली तीही स्टिरिओतच. मोनो रूप सीडीवर येण्यास २००९ साल उजाडावे लागले. दरम्यानच्या पिढ्यांनी जिची स्तुती केली, तिच्या मिश्रणावर स्वतः कलावंतांचा हात फारसा फिरलेला नव्हता.

या दोन रूपांत काय फरक पडतो? ‘शी इज लीव्हिंग होम’ या गीतात घर सोडून जाणारी एक तरुण मुलगी आहे आणि तिच्यामागे उरलेले आईबाप आहेत. हे गीत एका वृत्तपत्रीय बातमीवरून सुचले. वाद्यरचना माईक लिअँडर यांची असून साथीला फक्त तंतुवाद्ये आहेत. बीटल्सपैकी कोणीही वाद्य वाजवलेले नाही. मॅकार्टनी कथा सांगतात आणि लेनन आईबापांचे गाऱ्हाणे गातात. मोनो रूपात फीत किंचित जलद चालवलेली आहे, त्यामुळे स्वर उंच आणि चाल हलकी होते. स्टिरिओत तेच गाणे संथ आणि खालच्या पट्टीत आहे. संथ रूप ऐकताना दुःख अंगावर रेलते आणि आईबापांचे गाऱ्हाणे नाटकी वाटू लागते. जलद रूपात मात्र मुलीच्या पावलांची घाई जाणवते. आईबापांना समजून घ्यायला जरा उशीर झाला आहे, एवढेच गाणे सांगते आणि थांबते. आमचा कौल निःसंशय मोनोला आहे. शब्द एक अक्षरानेही बदललेला नाही. तरी एका रूपात करुणा आहे आणि दुसऱ्यात भावविवशता.

‘विदिन यू विदाउट यू’ हे हॅरिसन यांचे गीत आपल्याला अधिक जवळचे. हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये मुंबईत येऊन पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकले होते. गीताला साथ होती लंडनमधील भारतीय वादकांची : दिलरुबा, तबला, तंबोरा. नंतर मार्टिन यांनी त्यावर व्हायोलिने व चेलो चढवले. पाश्चात्त्य वादकांना दिलरुब्याची मींड पकडताना कष्ट पडले, पण दोन्ही परंपरा कोठेही एकमेकींवर कुरघोडी करत नाहीत. खेद एवढाच, की तबकडीच्या वेष्टनावर त्या भारतीय वादकांची नावे छापली गेली नाहीत. आवाजांना न्याय देणाऱ्यांनी माणसांना तो दिला नाही.

आता समीक्षकांकडे वळू. १९ मे १९६७ रोजी बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांच्या लंडनमधील घरी निवडक पत्रकार व छायाचित्रकार यांना ही तबकडी ऐकवण्यात आली. खानपान होते, कलावंत हजर होते, कॅमेरे चालू होते. अशा मेजवानीत ज्या मिश्रणामागे महिने गेले ते कितीसे कानी पडणार? दुसऱ्याच दिवशी बी. बी. सी.ने ‘अ डे इन द लाइफ’ अमली पदार्थांच्या संशयावरून प्रसारणातून वगळल्याचे जाहीर झाले. जूनमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन यांनी प्रतिकूल परीक्षण लिहिले आणि त्यांच्यावर वाचकांची नाराजी ओढवली. गोल्डस्टीन यांचा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. परंतु लोकप्रवाहाविरुद्ध लिहिण्याचा त्यांचा अधिकार मान्य आहे. तबकडी निर्दोष मुळीच नाही. काल्पनिक बँडची कल्पना दुसऱ्या गीतानंतर विस्मृतीत जाते आणि शेवटाकडे एकदाच आठवते. त्या काळच्या तरुणांतील अमली पदार्थांच्या फॅशनबद्दल पालकांना वाटलेली चिंताही खोटी नव्हती. आमचे म्हणणे इतकेच, की शब्दांवरून संशय आणि मेजवानीवरून कौतुक, हे दोन्ही निकाल पुरते ऐकण्याआधीचे आहेत.

२०१७ साली मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी जपून ठेवलेल्या मूळ फिती पुन्हा उघडून नवे स्टिरिओ मिश्रण केले. मोनो रूप त्यांनी प्रमाण मानले आणि ‘शी इज लीव्हिंग होम’ त्याच जलद गतीत ठेवले. वडिलांच्या कामात ढवळाढवळ केली, असे यावर म्हणता येईल; आम्हांला ती मूळ हेतूशी राखलेली निष्ठा वाटते. मात्र नवे ऐकून जुने मोडीत काढू नये.

वाचकांना आमची एकच विनंती आहे. हे एक गीत दोन्ही जुन्या रूपांत, घरातील मुलामुलींसह बसून ऐकावे. आईबापांच्या ओळी कोणत्या रूपात अधिक खऱ्या वाटतात, हे त्यांनाच विचारावे. त्यांचा कौल आमच्याहून वेगळा पडला तरी चालेल. तो ऐकून दिलेला असेल.