‘बिग नाइट’ : अस्सलतेच्या निकषाची चिकित्सा

प्रस्तावना :
स्टॅन्ली टुची आणि कॅम्पबेल स्कॉट दिग्दर्शित ‘बिग नाइट’ (१९९६) या चित्रपटाकडे अस्सल इटालियन पाककला आणि तिची अमेरिकी आवृत्ती यांच्यातील संघर्षाची कथा म्हणून पाहिले जाते. हा संघर्ष ज्या ‘अस्सलते’च्या निकषावर उभा आहे, तो निकषच तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कथासूत्र :
१९५० च्या दशकात इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातून आलेले प्रिमो आणि सेकोंदो हे बंधू न्यू जर्सीत उपाहारगृह चालवितात. थोरला प्रिमो तडजोड न करणारा आचारी. धाकटा सेकोंदो कर्जाने ग्रासलेला व्यवस्थापक. समोरच पास्कालचे उपाहारगृह अमेरिकी रुचीला साजेसे पदार्थ देऊन तुडुंब भरलेले असते.

विवेचन :
रिसोतो मागविणारी एक ग्राहक स्त्री सोबत स्पॅगेटीही मागते आणि तीत खिम्याचे गोळे, म्हणजे मीटबॉल, नाहीत म्हणून हिरमुसते. प्रिमो संतापतो. त्याच्या संतापास आधार आहे. इटालियन भोजनक्रमात पास्ता किंवा भात हा पहिला पदार्थ, ‘प्रिमो’. मांस वा मासे हा दुसरा, ‘सेकोंदो’. बंधूंची नावेही हीच आहेत. दोन पिष्टमय पदार्थ एकत्र मागणे, किंवा पहिला आणि दुसरा पदार्थ एकाच ताटलीत कालविणे, हा त्या क्रमाचा भंग ठरतो.

तथापि येथेच चित्रपटाची भूमिका एकांगी होते. रिसोतो हा मूलतः उत्तर इटलीतील भातशेतीच्या प्रदेशाचा पदार्थ आहे. आब्रुत्सोचा आचारी तो ‘इटालियन’ म्हणून वाढतो, तेव्हा तोही प्रांताची सीमा ओलांडूनच स्वयंपाक करीत असतो. उलट आब्रुत्सोतील तेरामो परिसरात ‘कितारा’ या पास्त्यासोबत खिम्याचे बारीक गोळे पूर्वापार वाढले जातात. म्हणजे ग्राहक स्त्रीची मागणी प्रिमोच्या मातीला सर्वस्वी परकी नव्हती. चित्रपट याची दखल घेत नाही.

अमेरिकी ताटलीमागील सामाजिक वास्तवही दुर्लक्षित राहते. १८८० ते १९२४ या काळात सुमारे चाळीस लक्ष इटालियन अमेरिकेत आले. त्यांपैकी बहुसंख्य दक्षिणेतील गरीब शेतकरी व मजूर होते. मायदेशी सणासुदीला दिसणारे मांस येथे स्वस्त मिळू लागले. गोळे मोठे झाले, टोमॅटोचा रस्सा दाट झाला. हे बिघडलेले अनुकरण नसून उपासमारीतून सुटलेल्या वर्गाचे अन्न होते. पास्कालला केवळ धंदेवाईक रंगविल्याने हा इतिहास झाकला जातो.

अखेरचे दृश्य मात्र या मर्यादेपलीकडे जाते. मेजवानी फसली आहे, भाऊ भांडले आहेत. सकाळी सेकोंदो अंडी फेटून साधे ऑम्लेट करतो आणि वाटून देतो. जवळजवळ निःशब्द अशा या दीर्घ दृश्यात पदार्थ कोणत्या देशाचा, हा प्रश्नच उरत नाही.

समारोप :
सारांश, अस्सल आणि अमेरिकी यांतील भेद खरा आहे. परंतु तो शुद्ध-अशुद्धतेचा नसून प्रांत, वर्ग आणि स्थलांतर यांचा आहे. पटकथेने प्रिमोला न्याय दिला. मीटबॉल प्रथम मोठे करणाऱ्या अनाम स्थलांतरित गृहिणींना तो मिळाला नाही. चित्रपटाचे मोठेपण मान्य करूनही ही उणीव नोंदविणे आवश्यक वाटते.