टिकाऊ रेणू की राबती पेशी? – ‘व्हॉट इज लाइफ?’ पुन्हा वाचताना

एर्विन श्रोडिंगर यांचे ‘व्हॉट इज लाइफ?’ हे छोटेसे पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले. आदल्या वर्षी डब्लिनमध्ये दिलेल्या व्याख्यानांवर ते आधारलेले आहे. वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स या तिघांवरही या पुस्तकाचा प्रभाव पडला. त्यामुळे त्याची स्तुती पुष्कळ झाली आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्यातील मध्यवर्ती युक्तिवाद आज तपासून पाहायला हवा. कारण तोच युक्तिवाद, पुस्तकाचे नावही न घेता, आपण वर्गात शिकवत असतो.

श्रोडिंगर यांचा प्रश्न नेमका आहे. हॅब्सबर्ग राजघराण्यातील खालच्या ओठाची विशिष्ट ठेवण सोळाव्या शतकातल्या चित्रात दिसते, तशीच एकोणिसाव्या शतकातल्या वंशजातही दिसते. श्रोडिंगर ते एका जनुकाचे लक्षण मानतात. म्हणजे हे जनुक शतकानुशतके सुमारे ९८ अंश फॅरनहाइट तापमानात राहिले. या तापमानाला अणुरेणूंची सतत धडपड चालू असते. मग थोडक्या अणूंचे बनलेले जनुक विस्कटले कसे नाही?

त्यांचे उत्तर असे: जनुक हा एक रेणू आहे, एक ‘अनावर्ती स्फटिक’. त्यातील बंध पुंजयामिकीच्या नियमांमुळे इतके पक्के असतात की नेहमीच्या उष्णतेने ते बदलत नाहीत. क्वचित बदलले, किंवा क्ष-किरणांचा आघात झाला, की उत्परिवर्तन होते. थोडक्यात, वारशाचे स्थैर्य म्हणजे पदार्थाचे स्थैर्य.

आमच्या मते प्रश्न अचूक आहे, पण उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे मिळायला तीसेक वर्षे जावी लागली. स्वीडनचे टोमास लिंडाल यांनी जवळजवळ हाच प्रश्न प्रयोगशाळेत नेला: पाण्यात, शरीराच्या तापमानाला डीएनए टिकतो तरी किती? उत्तर अनपेक्षित होते. किरणोत्सर्ग नको, विष नको, केवळ भोवतालच्या पाण्यामुळे मानवी पेशीतील डीएनएमधून दररोज सुमारे १०,००० अ‍ॅडेनीन व ग्वानीन गळून पडतात. शिवाय शे-पाचशे सायटोसीनांचे रूपांतर युरॅसिलमध्ये होते. असा रेणू शतके सोडाच, काही वर्षेही धड राहणार नाही.

तरीही तो राहतो, कारण पेशी त्याची अखंड डागडुजी करते. १९७४ साली लिंडाल यांनी जिवाणूंमध्ये एक विकर शोधले. ते डीएनएवर युरॅसिल हुडकते आणि तेवढेच कापून काढते. मग दुसरी विकरे तो तुकडा मोकळा करतात, समोरच्या साखळीवर ग्वानीन आहे हे ‘वाचून’ सायटोसीन बसवतात आणि सांधा जोडतात. डीएनएमध्ये युरॅसिलऐवजी थायमीन का, या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच मिळते. युरॅसिल हे डीएनएचे नेहमीचे अक्षर असते, तर मूळचे कोणते आणि बिघाडातून आलेले कोणते, हे ओळखायचे कसे?

अतिनील किरणांनी शेजारचे दोन थायमीन एकमेकांना चिकटले, तर साखळीला बाक येतो. तो ओळखून पेशी तीसेक अक्षरांचा तुकडाच कापून पुन्हा भरते. ही यंत्रणा अझीझ संजार यांनी, आणि नक्कल करतानाच्या चुकांची दुरुस्ती पॉल मॉड्रिच यांनी उलगडली. लिंडाल यांच्यासह या दोघांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९४४ साली हे कोणालाच ठाऊक नव्हते, तेव्हा न कळल्याचा दोष श्रोडिंगर यांना देता येणार नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. त्याच पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात ते सांगतात की सजीव भोवतालातून सुव्यवस्था शोषून स्वतःची घडी टिकवतो. हा विचार त्यांनी शरीराला लावला, जनुकाला मात्र लावला नाही. जनुक त्यांच्या लेखी घन पदार्थासारखे बाजूलाच राहिले. खरे तर दुरुस्तीलाही ऊर्जा आणि कच्चा माल लागतो, आणि तो अन्नातूनच येतो. त्यांचे सहावे प्रकरण त्यांच्याच पाचव्या प्रकरणाला दुरुस्त करू शकले असते.

याचा ठोस पुरावा रुग्णांमध्ये दिसतो. झीरोडर्मा पिग्मेंटोझम या आनुवंशिक विकारात उन्हाने त्वचा होरपळते आणि कोवळ्या वयात त्वचेचे कर्करोग होतात. या रुग्णांच्या पेशी अतिनील किरणांनी झालेला बिघाड दुरुस्त करू शकत नाहीत, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ साली दाखवले. त्यांच्या डीएनएचे रासायनिक बंध तुमच्या-आमच्यासारखेच असतात. उणीव असते ती दुरुस्तीची. केवळ बंधांच्या बळावर स्थैर्य मिळत असते, तर हा आजार संभवलाच नसता.

म्हणून ‘किरण लागला की उत्परिवर्तन होते’ हे वाक्य वर्गात आपण सोडून द्यावे. किरणाने बिघाड होतो. तो हुकला, किंवा चुकीचा दुरुस्त झाला, तरच उत्परिवर्तन होते. श्रोडिंगर यांचे पुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती जरूर द्यावे, पण पाचवे प्रकरण संपताच त्यांना विचारावे: घर शंभर वर्षे उभे राहिले, ते दगड पक्के म्हणून, की दरवर्षी कोणी कौले फेरली म्हणून?