ठसा म्हणजे किल्ली नव्हे

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिले ‘आधार’ क्रमांक देण्यात आले. प्रौढ व्यक्तीच्या नोंदणीत दहाही बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांची चित्रे आणि चेहऱ्याचा फोटो घेतला जातो. एकाच माणसाची दुबार नोंद शोधायला ही पद्धत निश्चितच उपयोगी आहे. पण ‘अंगठा कुणी चोरू शकत नाही, म्हणून माहितीही सुरक्षित’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ते तपासून पाहायला हवे.

रेशन दुकानातील यंत्र ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देते. प्रत्यक्षात ठशातील रेषा जिथे संपतात किंवा जिथे त्यांना फाटे फुटतात, त्या बिंदूंची तुलना होऊन साम्याला गुण दिले जातात. गुण ठरावीक मर्यादेच्या वर गेले, की माणूस खरा मानला जातो. ही मर्यादा वाढवली तर तोतया अडतो, पण खरा माणूसही अडतो. समजा, शंभरांत दोनच खऱ्या व्यक्ती नाकारल्या गेल्या, तरी ५०,००० लोकांमागे त्या १,००० होतात. शिवाय या चुका सर्वांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. वीटभट्टीवर राबणाऱ्यांच्या आणि वृद्धांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. म्हणजे ज्यांना धान्याची गरज जास्त, त्यांनाच नकाराची शक्यता जास्त.

दुसरा मुद्दा चोरीचा. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. २०१५ साली अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून सुमारे ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. त्यांनी नवी बोटे कोठून आणायची? ठसा गुप्तही नसतो. पाण्याच्या पेल्यावरदेखील तो मागे राहतो. जपानमधील त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ साली जिलेटिनची बोटे बनवून ठसे वाचणारी यंत्रे फसवून दाखवली होती.

तात्पर्य, ठसा आपल्या नावासारखा आहे. तो ओळख सांगतो, पण कुलपाच्या किल्लीचे काम त्याच्यावर एकट्यावर सोपवू नये. जोडीला बदलता येईल असा गुप्त क्रमांक हवा आणि ठसा जुळला नाही तर धान्य मिळण्याचा दुसरा मार्गही हवा.

वर्गात स्टॅम्प पॅड घेऊन प्रत्येक मुलाचे एकाच अंगठ्याचे पाच ठसे घ्यावेत. एकाच अंगठ्याचे पाच ठसेही तंतोतंत सारखे येत नाहीत, हे मुलांना दिसेल. मग त्यांना विचारावे : किती साम्य असले म्हणजे ‘तोच माणूस’ म्हणायचे? आणि चूक झाली तर उपाशी कोण राहणार?