निशाण कोणाचे, माल कोणाचा?

कर्नल बिडल्फ यांचे ‘द पायरेट्स ऑफ मलबार’ हे 1907 सालचे पुस्तक मी नागपुरात बसून दोनदा वाचले. (इथे समुद्राचा काय संबंध, असे मित्र विचारतात. 1751 ते 1803 या काळात बालेश्वर बंदरासह ओडिशाचा किनारा नागपूरकर भोसल्यांकडे होता, हे त्यांना सांगावे लागते.) पहिल्या वाचनात कथा रंगली. दुसऱ्या वाचनात शीर्षकातला शब्दच खटकू लागला. मराठ्यांच्या सरखेलाला, कान्होजी आंग्र्यांना, लेखक चाचा म्हणतो आणि पुढे जातो.

पुरावा मात्र त्याच पुस्तकात उलटा आहे. 1712 च्या अखेरीस आंग्र्यांच्या गलबतांनी मुंबईचे गव्हर्नर एस्लाबी यांची सशस्त्र नौका पकडली. पुढच्या वर्षी तह झाला. इंग्रजी गलबतांना त्रास देणार नाही, असे कान्होजींनी मान्य केले. इंग्रज नसलेल्यांच्या गलबतांवर इंग्रजी निशाण लावू देणार नाही, असे एस्लाबींनी. या दुसऱ्या कलमाशी मी थबकलो. भांडणाचे मूळ इथे आहे. आंग्रे आपल्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्याकडे दस्तक मागत. नसेल तर गलबत जप्त. पोर्तुगीज हेच सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ या नावाने करत आले होते. कंपनीही परवाने देई. मग देशी व्यापाऱ्याचा माल इंग्रजी निशाणाखाली गेला, तर तो कोणाचा धरायचा?

त्याच शतकात कादिझसारख्या स्पॅनिश बंदरात तंटा उठला, तर इंग्रज कॉन्सल तिथल्या अधिकाऱ्यांपुढे आपल्या व्यापाऱ्यांची बाजू मांडे. कुलाब्याला असा मध्यस्थ नव्हता. मुंबईत परवाने देणारे, तक्रार करणारे आणि तोफा डागणारे सरकार एकच. त्याचे नोकर वर खासगी व्यापारही करत. 1724 साली गव्हर्नर फिप्स यांना धाडलेल्या उत्तरात कान्होजींनी नेमके इथेच बोट ठेवले: दुसऱ्याचे घेण्याची हाव व्यापाऱ्यांनाही चुकलेली नाही, असा त्याचा आशय. बिडल्फ यांच्या निवाड्यात या युक्तिवादाला वजन नाही.

म्हणून आंग्र्यांना निर्दोष ठरवायला मी निघालेलो नाही. ज्यांचा माल जाई, त्या देशी व्यापाऱ्यांना दर सत्तेचा वेगळा कागद सांभाळावा लागे. त्यांची बाजू बिडल्फ सांगत नाहीत. आंग्र्यांचा गौरव करणाऱ्या आपल्याकडच्या पुस्तकांतही ती मला शोधावीच लागली.