एतिओपीक

इथिओपियातील जुन्या ध्वनिमुद्रणांचे पुनःप्रकाशन करणारी फ्रेंच ध्वनिमुद्रिकामाला. पॅरिस येथील ‘ब्यूदा म्यूझिक’ या प्रकाशनसंस्थेने १९९७ मध्ये ती सुरू केली. फ्रांसिस फाल्सेतो हे तिचे संपादक होत. सु. ३० भागांच्या या मालेने एका देशाचे आधुनिक संगीत जगभरच्या रसिकांपुढे आणले. विस्मृत ध्वनिमुद्रिकांच्या शोधाने काय साधते आणि काय निसटते, याचे ती ठळक उदाहरण आहे.

इथिओपियातील पाश्चात्त्य धर्तीच्या वाद्यवृंदांचा प्रारंभ १९२४ च्या सुमारास झाला. त्या वर्षी रास तफारी (पुढे सम्राट हाइले सेलासी) यांनी जेरूसलेमहून ४० अनाथ आर्मेनियन वादकांना आदिस अबाबा येथे आणविले. त्यांचे शिक्षक केव्होर्क नालबांदियान आणि पुढे त्यांचे पुतणे नेर्सेस यांनी तेथील वादकांच्या पिढ्या घडविल्या. सम्राटाचे अंगरक्षक दल, पोलीस व सेना यांचे स्वतंत्र वाद्यवृंद होते आणि बहुतेक नामवंत गायक-वादक त्यांचे पगारी नोकर होते. सॅक्सोफोन, ट्रंपेट, गिटार ही वाद्ये आली, तरी स्वररचना देशीच राहिली. ‘किनित’ नावाच्या मुख्य चार पंचस्वरी स्वरसमूहांवर हे संगीत उभे आहे. त्यांपैकी ‘तिझिता’ याच्या एका प्रकाराचे स्वर भूप रागाच्या स्वरांशी जुळतात. मात्र रागाची चलन-विस्ताराची कल्पना त्यात नाही. तिझिता या शब्दाचा अर्थ ‘आठवण’ असा असून त्याच नावाचा एक विरहगीतप्रकारही रूढ आहे.

ध्वनिमुद्रिकानिर्मितीची मक्तेदारी ‘हागेर फिकिर’ या संस्थेकडे होती. ती झुगारून आम्हा एशेते या तरुण व्यावसायिकाने १९६९ मध्ये ‘आम्हा रेकॉर्ड्‌स’ ही संस्था काढली. तिच्या सुरुवातीच्या तबकड्या भारतात छापून घेतलेल्या होत्या. सहा वर्षांत तिने शंभरावर तबकड्या प्रसिद्ध केल्या. सप्टेंबर १९७४ मध्ये सम्राट पदच्युत झाला. ‘देर्ग’ या लष्करी राजवटीने रात्रीची संचारबंदी लादली, त्यामुळे नृत्यगृहे ओस पडली. आम्हा एशेते यांनी १९७५ मध्ये देश सोडला. पुढे तबकड्यांची जागा ध्वनिफितींनी घेतली.

महमूद अहमद या गायकाची १९७५ मधील ‘एरे मेला मेला’ ही ध्वनिमुद्रिका १९८४ मध्ये फाल्सेतो यांच्या ऐकण्यात आली. त्यांच्या प्रयत्नांनी ती १९८६ मध्ये बेल्जियममध्ये पुन्हा निघाली. एतिओपीक ही त्या प्रयत्नांचीच परिणती होय. प्रत्येक भागासोबत छायाचित्रे व माहितीपर टिपणे देऊन त्यांनी या संगीताचा इतिहासही नोंदविला. मालेची व्याप्ती केवळ नृत्यगृहांतील संगीतापुरती नाही : पाचवा भाग तिग्रिन्या भाषेतील गीतांना, तर अकरावा बेगेना या भक्तिसंगीतातील तंतुवाद्याला वाहिलेला आहे. युद्धघोषाची गायकी सॅक्सोफोनवर आणणारे गेताच्यू मेकुर्या (चौदावा भाग) व पियानोवादक जोगीण एमाहोय त्सेगे-मारियाम गेब्रू (१९२३–२०२३, एकविसावा भाग) यांचा जगाला परिचय झाला तो मुख्यतः या मालेमुळेच.

तथापि सर्व भागांना सारखी कीर्ती लाभली नाही. सर्वांत दूरवर पोहोचला तो मूलातू अस्तात्के यांचा चौथा भाग. जिम जार्मुश यांच्या ब्रोकन फ्लॉवर्स (२००५) या चित्रपटात त्यांच्या रचना आल्या आणि उतारवयात मूलातू यांना यूरोप-अमेरिकेची रंगमंचे खुली झाली. हा भाग वाद्यसंगीताचा आहे, ही गोष्ट लक्षणीय ठरते. याउलट मायदेशात ज्यांचा आवाज सर्वश्रेष्ठ मानला गेला, त्या तिलाहुन गेसेसे (१९४०–२००९) यांचा स्वतंत्र भाग मालेत सतरावा असून तो २००४ मध्ये निघाला. त्यांच्यावर शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले; परदेशी श्रोत्यांत मात्र त्यांना मूलातूंइतकी ख्याती मिळाली नाही. याचे एक कारण शब्दांत आहे. अम्हारिक काव्यात ‘सेम-ना-वेर्क’ म्हणजे ‘मेण आणि सोने’ ही श्लेषप्रधान शैली मानाची आहे. सोनाराच्या साच्यातील मेण वितळून त्याच्या जागी सोने उतरते, तसा वरच्या साध्या अर्थाआड दुसरा गूढार्थ दडलेला असतो. प्रेमगीताच्या आवरणाखाली सत्तेवर टीका करणे त्यामुळे शक्य होई. भाषा न जाणणाऱ्या श्रोत्याला ठेका व सूर भावतात. त्याच्या हाती मेण लागते, सोने नव्हे.

१९६९–७५ या काळाला ‘सुवर्णयुग’ म्हणण्याची फाल्सेतो यांची मांडणीही पूर्णतः मान्य करण्यासारखी नाही. तिच्यामुळे त्यानंतरची वर्षे निव्वळ पोकळी वाटू लागतात. प्रत्यक्षात देर्गच्या अमदानीतही तिलाहुन गेसेसे आणि महमूद अहमद गातच राहिले व ‘रोहा बँड’सारख्या वाद्यवृंदांच्या साथीने त्यांच्या ध्वनिफिती घरोघर पोहोचल्या. ज्यांना ‘विस्मृत’ म्हटले गेले, ते कलावंत आदिस अबाबाच्या श्रोत्यांना कधीच विसरले नव्हते. बाहेरच्या संग्राहकाला जे ठाऊक नसते, ते सर्वांनाच अज्ञात होते, असे गृहीत धरण्याचा दोष अशा पुनःप्रकाशनांत सहज शिरतो.

या मर्यादा मान्य करूनही मालेचे मोल कमी होत नाही. तबकड्या झिजतात, मूळ फिती नष्ट होतात आणि वादक काळाच्या पडद्याआड जातात. एतिओपीकने या संगीताचा नाद तरी सुरक्षित ठेवला. गीतांचा अर्थ उलगडून सांगण्याचे काम अम्हारिक जाणणाऱ्या अभ्यासकांचे असून, त्यासाठी आधारभूत ठरेल असा संग्रह या मालेने सिद्ध केला आहे.