हरित इमारतींची मापे आणि वऱ्हाडातील धाबे

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी जे जुने धाब्याचे घर आढळते, त्याला हरित इमारतींच्या मूल्यांकनाची निरनिराळ्या देशांतील मापे लावून पाहिली तर काय हाती येते, एवढाच प्रश्न प्रस्तुत टिपणात घेतला आहे. ज्या इमारतींसाठी ही मापे घडविली गेली, त्यांच्यावर ती नीट बसतात यात नवल नाही. त्यांची खरी परीक्षा अन्यत्र व्हावयास हवी.

या मानकांचा इतिहास अल्प आहे. ब्रिटनचे ‘ब्रीम’ १९९० चे, अमेरिकेचे ‘लीड’ १९९८ चे. आपल्याकडील ‘गृह’ २००७ साली पुढे आले. यांपैकी लीडचा प्रसार सर्वाधिक झाला, म्हणून त्याचेच परीक्षण अधिक बारकाईने केले पाहिजे.

लीडच्या २००९ च्या आवृत्तीत एकूण ११० गुण होते. त्यांत ऊर्जेला ३५, पाण्याला १० आणि प्रादेशिक निकडीला अवघे ४. उन्हाळी पाणीटंचाई ज्या जिल्ह्यात नित्याची, तेथे ही वाटणी कोणी केली असती काय? शिवाय ऊर्जेची बचत मोजली जाते ती एका कल्पित इमारतीच्या तुलनेने. वातानुकूलन यंत्र काटकसरीने चालविणाऱ्यास तेथे श्रेय आहे. यंत्र मुळातच नसणाऱ्यास त्या तुलनेत फारसे काही मिळत नाही. स्थानिक सामग्रीची व्याख्या तर याहून मौजेची होती. ५०० मैलांच्या आतील माल तो स्थानिक! मंगरूळपीर मध्य धरून असे वर्तुळ काढले, तर मुंबई व हैदराबादच काय, जयपूरही त्यात येते. पुढे २०१३ च्या आवृत्तीत हे अंतर १०० मैलांवर आणले गेले, ही सुधारणा मान्य केली पाहिजे.

धाब्याच्या घराची माती गावच्या पांढरीतली. शेतातील काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते, म्हणून ती भिंतीस चालत नाही, हे ज्ञान वऱ्हाडात जुने आहे. परंतु या घराचे गुणगान करणाऱ्यांनी त्याचे दोषही सांगावेत. धाबे पावसाळ्यापूर्वी दरसाल दुरुस्त करावे लागते, तुळयांना वाळवी लागते, आणि सारवणाचे श्रम घरातील स्त्रियांच्याच वाट्यास येतात. जनगणनेच्या लेखी मातीच्या भिंतीचे घर ‘कच्चे’ ठरते. त्या निर्णयाला सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही.

‘गृह’ची रचना करताना वातानुकूलन नसलेल्या भारतीय इमारतींचा विचार झाला, हे त्याचे मोठेच वैशिष्ट्य. मात्र त्याची मर्यादा २,५०० चौरस मीटरपासून सुरू होते. त्याखालील बांधकामांसाठी ‘स्वगृह’ निघाले. तथापि अर्ज, कागदपत्रे व मूल्यांकन यांची वाट शेतकऱ्याच्या ओट्यापर्यंत येत नाही.

प्रस्तुत लेखकास जपानचे ‘कॅस्बी’ विचाराच्या दृष्टीने सर्वांत सकस वाटते. त्यात गुणांची केवळ बेरीज नाही, भागाकार आहे: इमारतीची गुणवत्ता भागिले तिचा पर्यावरणावरील भार. त्यामुळे एका बाजूची उधळपट्टी दुसऱ्या बाजूच्या शोभेने भरून काढणे कठीण होते. तसेच हा भागाकार तीन वा अधिक आला, तरी गुणवत्तेचा अंक पन्नासाखाली असल्यास सर्वोच्च श्रेणी मिळत नाही. धाब्याच्या घराचा भार अत्यल्प आहे. परंतु गळके छप्पर असेल तर ते या कसोटीस उतरणार नाही, आणि उतरूही नये. जर्मनीच्या मानकाने इमारतीच्या आयुष्यभराच्या खर्चास पर्यावरणाच्या बरोबरीने स्थान दिले आहे. दरसालच्या डागडुजीचा हिशेब मांडावयास ती पद्धती उपयोगी पडेल.

मूल्यमापनाच्या या चर्चेला प्रत्यक्ष आकड्यांचा आधार हवा. आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने वैशाखात एकाच दिवशी, एकाच गल्लीतील धाब्याच्या व सिमेंटच्या घरातील तापमान घ्यावे. दुपारी दोनला आणि पुन्हा रात्री दहाला. जाड मातीची भिंत दिवसा शोषलेली उष्णता रात्री आत सोडते, तेव्हा रात्रीचा आकडा टाळून चालणार नाही.