शेजाऱ्याविषयीची साक्ष : आपल्या विद्यार्थ्यांचे तौलनिक प्रबंध

ईशज्ञानाच्या अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्याने एक प्रबंध सादर करावा, ही प्रथा आपल्या सेमिनरींत चांगली रुजली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्तेतर धर्मांविषयीची घोषणा प्रसृत केली आणि त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा अव्हेरीत नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. तेव्हापासून प्रबंधांच्या शीर्षकांत 'आणि' हे अव्यय प्रतिष्ठा पावले. एका बाजूस संत पौल, दुसऱ्या बाजूस संत तुकाराम. एका बाजूस क्रूस, दुसऱ्या बाजूस इष्टलिंग. या विषयांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु प्रबंध वाचून झाल्यावर पुष्कळदा मनात एक रुखरुख राहते. तिची कारणे येथे मांडावयाची आहेत. कारण आज प्रबंध लिहिणारा उद्या धर्मग्रामात जाणार आहे आणि ज्या शेजाऱ्याविषयी त्याने लिहिले, त्याच्याच दाराशी उभा राहणार आहे.

पहिला दोष साम्य शोधण्याच्या घाईचा. तुकोबांच्या अभंगांत 'कृपा' हा शब्द आढळला, संत पौलाच्या पत्रांच्या मराठी भाषांतरातही तोच आढळला, की विद्यार्थ्याचे अर्धे काम आटोपते. पण साम्य येथे शब्दाचे आहे, आणि तो शब्द भाषांतरकारानेच निवडलेला आहे! पौलाची कृपा एका विशिष्ट काळी घडलेल्या मरणाला व पुनरुत्थानाला बांधलेली आहे. तुकोबांची कृपा विठ्ठलाची आहे, सद्गुरूची आहे, संतांच्या संगतीतून लाभणारी आहे. शिवाय हे तुकोबा आपल्या देवाशी भांडतात, त्याला जाब विचारतात. हे भांडण प्रबंधात येत नाही, कारण तुलनेच्या चौकटीत त्याला जागा नसते. म्हणजे ज्याच्यासाठी प्रबंध लिहावयाचा तेच वगळले जाते.

बेळगाव भागातील विद्यार्थ्याला लिंगायत समाज परका नाही. तरीही इष्टलिंगाची तुलना तो गळ्यातील क्रूसाशी करतो, कारण दोन्ही अंगावर धारण केली जातात. वस्तुतः इष्टलिंग दीक्षेच्या वेळी गुरूकडून लाभते व तळहातावर ठेवून त्याची नित्य पूजा होते. ते केवळ ओळखीचे चिन्ह नव्हे. तुलना करावयाचीच, तर पवित्र साक्रामेंतातील ख्रिस्ताच्या सान्निध्याचा प्रश्न अधिक जवळचा ठरेल, आणि तेथेच खरा भेदही उघड होईल. हैदराबादकडील विद्यार्थी कुराणातील ईसा व मरियम यांच्यावर उत्साहाने लिहितो. परंतु मुसलमान बांधव ईसांना पैगंबर मानतात, देवपुत्र मानीत नाहीत, आणि त्यांच्या क्रूसावरील मरणाविषयी त्यांची परंपरागत श्रद्धा आपल्याहून सर्वस्वी निराळी आहे, ही गोष्ट तळटीपेत ढकलतो. अशाने सलोखा वाढत नाही. बोलण्याचा मुख्य विषय मात्र टळतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. आपला आदर्श आणि त्यांचा व्यवहार यांची तुलना केली जाते. वारीत सर्वजण एकत्र चालतात खरे, पण पंगती जातवार बसतात, असे दाखवून विद्यार्थी लगेच ख्रिस्तशरीराच्या एकाच भाकरीकडे वळतो. वारीतील ही विसंगती नवी नाही आणि ती लपवलेलीही नाही. इरावती कर्वे यांनी आपल्या 'वाटचाल' या लेखात ती व्यथित होऊन नोंदवली आहे. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले. म्हणजे त्या परंपरेने स्वतःच स्वतःला जाब विचारलेला आहे. आता आपल्याकडे पाहावे. गोव्यातील चर्चांमधून कोंफ्रारिया जातवार विभागलेल्या होत्या आणि फेस्ताचा मान कोणाचा, यावरून तंटे झाले, हा इतिहास आपल्याच घरचा आहे. आदर्शाशी आदर्श ताडावा आणि व्यवहाराशी व्यवहार. वारीतील पंगतीशेजारी कोंफ्रारिया ठेवण्याचे धैर्य ज्या प्रबंधात नाही, त्याने पंगतीचा विषय काढू नये.

दोष दाखविणे सोपे असते. म्हणून आता तीन संशोधनांकडे वळू. त्यांचे कर्ते आपल्यासारखेच ईशज्ञानाचे विद्यार्थी होते.

पहिले, फादर रिचर्ड डी स्मेट यांचे. या बेल्जियन येशूसंघीयांनी १९५३ मध्ये रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात शंकराचार्यांच्या ईशज्ञानात्मक पद्धतीवर प्रबंध सादर केला, आणि पुढे पुण्यात दीर्घकाळ अध्यापन केले. शंकराचार्य हे निव्वळ तर्काने चालणारे तत्त्वज्ञ, हा समज त्या काळी दृढ होता. डी स्मेट यांनी भाष्ये वाचून दाखविले, की आचार्य प्रथम श्रुतीचे भाष्यकार आहेत आणि त्यांचा तर्क श्रुतीच्या सेवेत राबतो. हा निष्कर्ष ख्रिस्ती वाचकाला जवळचा वाटतो, कारण आपले ईशज्ञानही प्रकटीकरणावर उभे आहे. पण ही जवळीक आधी गृहीत धरलेली नाही. भाष्यांच्या वाचनातून ती हाती आली आहे. हा प्रबंध कित्येक दशके टंकलिखित प्रतींतूनच अभ्यासकांच्या हातांत फिरत राहिला. त्याची मर्यादा सांगावयाची, तर त्यात भेट होते ती ग्रंथांतल्या आचार्यांची. आजच्या श्रद्धावंताची गाठ त्यात पडत नाही.

ही उणीव दुसरे संशोधन भरून काढते. फ्रेंच येशूसंघीय गी देल्युरी यांचा 'द कल्ट ऑफ विठोबा' हा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी, १९५६ मध्ये, त्यांनी तुकोबांच्या अभंगांचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले होते. हा क्रम आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा. भाषांतर करणाऱ्याला एकही शब्द ओलांडून जाता येत नाही. जो अभंग आपल्या सिद्धान्ताला अडचणीचा, त्याच्यापाशीही त्याला तेवढेच थांबावे लागते. देल्युरी पालखीबरोबर चालले. दिंडी म्हणजे काय, तिची शिस्त कोणती, चालताना कोणते अभंग म्हणतात, हे त्यांनी पाहून लिहिले. ख्रिस्ती सिद्धान्तांशी तुलना हा या ग्रंथाचा गाभा नाही, म्हणून कोणी त्यास ईशज्ञानाच्या दृष्टीने अपुरा म्हणेल. आम्हांला मात्र वाटते, की शेजाऱ्याचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकून घेणे, हेही ईशज्ञानाचेच काम आहे.

तिसरे संशोधन सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत वादग्रस्त. रेमुंडो पणिक्कर यांनी रोमच्या लॅटरन विद्यापीठासाठी लिहिलेला प्रबंध १९६४ मध्ये 'द अननोन क्राइस्ट ऑफ हिंदुइझम' या नावाने ग्रंथरूपाने आला. ब्रह्मसूत्रांतील दुसरे सूत्र, म्हणजे जगाची उत्पत्ती, स्थिती व लय ज्याच्यापासून होतात ते ब्रह्म, हे घेऊन त्यांनी ईश्वराच्या स्थानाची ख्रिस्ताच्या स्थानाशी सांगड घातली. एका सूत्रावर एवढे चिंतन करणे ही त्यांची विद्वत्ता. तरी प्रश्न उरतोच : हिंदू वाचकाला या ग्रंथात आपला ईश्वर दिसतो, की आपल्या घरात दुसऱ्याचा पाहुणा बसविलेला दिसतो? १९८१ मध्ये पणिक्कर यांनी स्वतःच ग्रंथाची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढली. आपले पहिले म्हणणे पुन्हा तपासावे असे एवढ्या मोठ्या पंडिताला वाटले, मग एका वर्षात प्रबंध आटोपणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याने शेवटच्या प्रकरणात 'अशा रीतीने दोन्ही एकच' असे का लिहावे?

डी स्मेट यांचा प्रबंध आणि देल्युरी यांचा ग्रंथ हे दोन्ही विश्वपरिषदेच्या घोषणेपूर्वीचे आहेत, ही गोष्टही विचार करण्याजोगी आहे. परवानगी मिळाली म्हणून त्यांनी शेजाऱ्याला वाचले नाही. त्यांनी आधी वाचले. अशा वाचनामुळेच पुढे परिषदेचे शब्द पोकळ वाटले नाहीत.

मार्गदर्शकांना आमचे सांगणे थोडे आहे. विषय लहान घ्यावा : 'भक्ती आणि प्रीती' नको; हरिपाठाचे पाच अभंग पुरेत. ते मराठीतच वाचावेत, इंग्रजीतून नव्हे. आपली मातृभाषा ही आपल्याला मिळालेली सवलत आहे. प्रबंधाच्या पूर्वार्धात ख्रिस्ताचे नाव आले नाही तरी चालेल. आणि सादर करण्यापूर्वी तो पूर्वार्ध त्या धर्माच्या एखाद्या जाणत्या माणसास, मग तो कीर्तनकार असो, मौलवी असो वा मठातील स्वामी, वाचून दाखवावा. तो म्हणाला, 'होय, आम्ही असेच मानतो,' तर पुढे जावे. तो म्हणाला, 'हे आमचे नव्हे,' तर परीक्षकाने कितीही गुण दिले तरी प्रबंध नापास समजावा.

कोणी विचारील, विद्यार्थ्याच्या लेखनाला एवढी कडक कसोटी कशाला? कारण खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा केवळ न्यायालयासाठी नाही. न वाचता केलेली निंदा जशी खोटी साक्ष, तशीच न वाचता केलेली स्तुतीही. आमच्या धर्मग्रामांत मिश्रविवाहाच्या वेळी, शेजारच्या अंत्यविधीच्या वेळी, गावात तंटा पेटण्याच्या वेळी लोक धर्मगुरूकडे व कॅटेकिस्टकडे पाहतात. त्या वेळी प्रबंधातले साम्याचे कोष्टक उपयोगी पडत नाही. शेजारी खरोखर काय मानतो हे ज्याने धीराने ऐकले आहे, त्याच्याच शब्दाला दोन्ही बाजूंस मान मिळतो. आणि आपल्या प्रभूविषयी बोलण्याची वेळ येते तेव्हा, ज्याचे आपण ऐकले, तोच आपले ऐकून घेतो.